आधी घाट, मग दर्या : मालवणात पाण्याखाली उतरताना

मालवणला स्कूबा करायचं ठरलं की बहुतेक जण आधी हॉटेल शोधतात. आम्ही आधी कालनिर्णय उघडतो आणि दशमी-एकादशी कधी आहे ते बघतो. पाण्याखाली काय दिसणार हे ठरतं त्या दिवशीच्या पाण्यावरून, आणि पाणी चालतं तिथीवर.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मालवणच्या किनाऱ्यावर तेव्हा भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरांच्या घरात जातो. एवढं पाणी सहा तासांत आत शिरतं आणि सहा तासांत बाहेर पडतं, ते काही गुपचूप पडत नाही. उत्तरेला कोळंबची खाडी, दक्षिणेला कर्ली नदीचं मुख, दोन्हीकडचा गाळ ढवळून ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती आणून सोडतं. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याची ये-जा मंद होते, गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. उधाणाला जिथे हातभर अंतरावरचा मासा धूसर दिसतो, तिथेच भांगाला पाच-सहा मीटरपर्यंतचं स्वच्छ दिसू शकतं.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत कोकणात घरोघरी माहीत असते: तिथीचा आकडा तीनाने गुणायचा आणि चाराने भागायचा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून हाच हिशेब. तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे मोबाइलवर भरतीचं कोष्टक पाहून खात्री करावी, पण दिवस निवडायला एवढं पुरतं. आता दशमी-एकादशीचं गणित बघा. पाणी भांगाचं, आणि पूर्ण भरती सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास. म्हणजे बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि खाडीचं पाणी अजून उतरायला लागलेलं नसतं.

सकाळच कशासाठी, तर वाऱ्यासाठी. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाण्यावर लाट उभी राहत नाही. अकराच्या पुढे खारा वारा सुटतो, लाटा उठतात, होडी डुलायला लागते आणि ढवळणाऱ्या पोटाने रांगेत बसलेले लोक पाण्यात उतरायच्या आधीच निम्मे दमतात. म्हणून बुकिंग करताना पहिली फेरी मागा, साडेसात-आठची. दुपारच्या फेरीला दर थोडा कमी सांगितला तरी भुलू नका.

महिन्यांचं बोलायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबरात पावसाचं तांबडं पाणी नद्यांतून अजून उतरत असतं. मार्च-एप्रिलमध्ये सकाळ चांगली मिळते, ऊन मात्र सोसवत नाही. मे अर्धा सरला की समुद्र फिरायला लागतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांचा जीव गेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात "अजून चालू आहे, या" असं कोणी म्हणालं तरी जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. पावसाळ्यात जलक्रीडा बंदच असतात.

आता प्रवासाचा क्रम. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत. सिंधुदुर्ग जिल्हा म्हणजे एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. लोक दोन दिवस मालवणात घालवतात, शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा करतात, दुपारी मासे जेवतात आणि संध्याकाळी गाडी आंबोलीला चढवतात. हा क्रम उलटा हवा.

कारण असं. पाण्याखाली दाब वाढतो. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, आणि त्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला काही तास लागतात. त्या तासांत तुम्ही उंचावर गेलात तर हवेचा दाब आणखी कमी होतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. आंबोलीत तो समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी असतो. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याबाबत जो नियम आहे, एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डाइव्हनंतर अठरा तास, तो साधारण सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात. आंबोली त्यात बसते. पुणे आणि कोल्हापूर त्या रेषेच्या खाली आहेत, पण तिथे पोचायला घाट ओलांडावा लागतो.

सहा-सात मीटरवर वीस मिनिटं घालवलेल्या माणसाला यातून काही होण्याची शक्यता फार थोडी आहे, हे खरं आहे. पण जे तीन-चार दिवसांचा प्रशिक्षणक्रम करतात, अठरा मीटरपर्यंत उतरतात, दिवसाला दोन-दोन डाइव्ह घेतात, त्यांच्यासाठी हा नियम पाळण्याचाच आहे. आणि क्रम बदलायला खर्च शून्य आहे. आधी घाट, मग दर्या, आणि परतीच्या आधी एक रात्र किनाऱ्यावर.

मुंबईकडून यायचं तर कोकण रेल्वेने. रात्री सुटणारी कोकणकन्या सकाळी सावंतवाडीला सोडते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपती, दिवाळी, नाताळ यांच्या तारखा काही मिनिटांत भरतात. सावंतवाडीहून आंबोली तीसेक किलोमीटर. रात्रभर जागलेल्या अंगाने त्याच दिवशी पाण्यात उतरणं तसंही बरोबर नाही, तेव्हा पहिला दिवस डोंगराला द्यावा. कोल्हापूर-बेळगावकडचे लोक बहुधा आंबोली घाटानेच उतरतात, त्यांचा क्रम आपोआप नीट बसतो.

हिवाळ्यातली आंबोली वेगळी. धबधबे आटलेले असतात, धुकं पहाटेपुरतं. महादेवगड पॉइंटवरून स्वच्छ हवेत खालचं कोकण नकाशासारखं पसरलेलं दिसतं. हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवळाच्या कुंडात एक लहानसा मासा राहतो. ही जात विज्ञानाला नवी असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, तिला नदीचंच नाव मिळालं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली. कुंडात पाय घालू नका, साबण तर नाहीच नाही. ज्यांना आंबोलीचे बेडूक बघायचे आहेत, पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला फेसाचं घरटं बांधणारा उडता बेडूक किंवा २००९ मध्ये ज्याची नोंद झाली तो आंबोली टोड, त्यांनी जून ते सप्टेंबरमध्ये वेगळी खेप करावी. पावसाळी आंबोली आणि निवळलेला समुद्र एका सहलीत मिळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाली उतरून मालवणला या. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. राहायला मालवण शहर, तारकर्ली की देवबाग? स्कूबाच्या होड्या तिन्हीकडून सुटतात. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र यांमधली माडांची चिंचोळी जीभ. शांतता हवी असेल तर देवबाग. पण तिथल्या संगमावर पोहायला उतरू नका, ओहोटीला नदीचं पाणी बाहेर पडतं तेव्हाची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. किल्ला, बाजार आणि सकाळची पहिली होडी जवळ हवी असेल तर मालवण.

त्या दुपारी किल्ला बघून घ्यावा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवरायांच्या हस्ते कुरटे बेटावर या किल्ल्याचा मुहूर्त झाला. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरींचं पाणी गोडं, चारी बाजूंना खारं पाणी असून. तटावर उभं राहून पाण्याचा रंग बघा. जिथे हिरवट निळं आहे तिथे तळ वाळूचा, जिथे काळपट डाग दिसतात तिथे खडक आणि प्रवाळ. उद्या तुम्ही त्या काळपट डागांवर उतरणार आहात.

आणि याच संध्याकाळी स्कूबावाल्याला प्रत्यक्ष भेटा. फोनवर फक्त दर ठरवू नका. प्रत्येक पर्यटकामागे पाण्यात एक स्वतंत्र प्रशिक्षक असतो का? त्याच्याकडे डायव्हिंगचं प्रमाणपत्र आहे का? होडीत ऑक्सिजनचा संच आहे का? लाइफ जॅकेट मोजून आहेत का, आणि ती अंगात घालायला लावतात की नुसती फळीखाली कोंबून ठेवतात? उतरण्याआधी प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात का? ही विचारणा कोणाला खटकली तर दुसरीकडे जावं. किनाऱ्यावर चांगलं काम करणारी स्थानिक मुलं पुष्कळ आहेत. यातले बरेच मच्छीमार कुटुंबांतले आहेत, लहानपणापासून याच पाण्यात वाढलेले, आणि प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आवडतं. राज्याच्या पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीला आहे. ज्यांना नुसता अनुभव नको, शिकायचं आहे, त्यांनी तिथे चौकशी करावी.

फॉर्मवर खरं लिहा. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, फुफ्फुसाचा जुना आजार, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उतरू नये. साधी सर्दीसुद्धा पुरेशी आहे. सर्दीत नाक आणि कान यांच्यामधली नळी सुजलेली असते, आणि सगळा खेळ त्या नळीवर आहे. नाक मोकळं करायच्या गोळ्या किंवा थेंब घेऊन उतरणारे असतात. औषधाचा असर खालीच उतरला तर वर येताना कानातली हवा अडकते, आणि ते दुखणं उतरतानाच्या दुखण्यापेक्षा वाईट. आदल्या रात्री दारू नको. सकाळी दोन घावणे आणि चहा, तेही उतरण्याच्या दोन तास आधी. उपाशी पोटी मळमळ जास्त होते. ज्यांना बस लागते त्यांनी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी, होडीत बसल्यावर घेतलेली उपयोगी पडत नाही.

आता होडी. यांत्रिक होडी पंधरा-वीस मिनिटांत किल्ल्याच्या पाठीमागे नेते. इंजिनाच्या धुराच्या वाऱ्यात बसू नका, पुढच्या बाजूला बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. अंगात तीन मिलिमीटरचा रबरी सूट चढवतात. तो कोरडा असताना चढत नाही, आधी पाणी मारून घ्या. हिवाळ्यातही पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या खाली सहसा जात नाही, पण वीस मिनिटं स्थिर राहिलं की थंडी वाजते, म्हणून सूट.

मास्क हा त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. पडला तर दुसरा मागा. मग पट्टा. पट्टा आवळला की मास्क गळत नाही, ही समजूत चुकीची आहे. फार आवळला की रबराची कड दुमडते आणि तिथूनच पाणी येतं. कपाळावरचे केस कडेखाली अडकू देऊ नका. भरघोस मिशी असेल तर नाकाखालची बाजू गळतेच, तिथे थोडं व्हॅसलीन लावतात. काचेच्या आतून थुंकी चोळून पाण्याने विसळली की धुकं धरत नाही. चष्मा मास्कमध्ये मावत नाही. पण पाण्यात वस्तू साधारण पाव अंतराने जवळ आणि तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात, त्यामुळे सौम्य नंबरवाल्यांचं चष्म्याशिवाय भागतं. मऊ काँटॅक्ट लेन्स चालतात, मात्र प्रशिक्षकाला आधी सांगा, म्हणजे पाण्यात मास्क उचलायची वेळ आली तर तो सांभाळेल.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र, तोंडात घेण्याआधी हवेचा वास घ्या. सिलिंडरमधल्या हवेला वास नसतो. डिझेलचा किंवा तेलाचा जरासा वास आला तरी तो सिलिंडर नको म्हणून सांगा. कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड इंजिनाच्या धुराजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत भरला जातो, आणि दाबाखाली तो दुप्पट त्रास देतो. हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर भरलेला सिलिंडर २०० बार दाखवतो, ५० बार उरले की वर यायचं असतं. मालवणच्या पहिल्या अनुभवात सिलिंडर बहुधा प्रशिक्षकच सांभाळतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा. तरी काटा बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

खुणा तीन लक्षात ठेवा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक. पंजा आडवा धरून हलवणं म्हणजे काहीतरी बिनसलंय, मग बोटाने दाखवायचं काय, कान की मास्क. अंगठा वर म्हणजे "वर चला". आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे "मस्त" अशी सवय असते, म्हणून खाली गेल्यावर लोक खुशीत अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना वर घेऊन येतो. फेरी तिथेच संपते.

पाण्यात उतरल्यावर आधी होडीचा दोर धरून पृष्ठभागावर सराव करा. चेहरा पाण्यात, श्वास तोंडाने आत, तोंडाने बाहेर. नाक मास्कमध्ये बंद आहे हे शरीराला पटायला दोन-तीन मिनिटं लागतात. पहिला श्वास घेतला जातो आणि छातीत धडधड होते, ती सगळ्यांनाच होते. घाई करणाऱ्या प्रशिक्षकाला दोर न सोडता हाताने थांबवा. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं तर वरची कड कपाळावर दाबून नाकाने जोरात हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. हे एकदा वरच करून बघितलं की खाली घाबरायला होत नाही.

मग उतरायचं, आणि इथे कान. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी खोली आहे. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, म्हणजे बंद हवेचं आकारमान निम्मं होतं. प्रमाणाने बघितलं तर सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरांतच होतो, म्हणून कान दुखतो तो दोन-तीन मीटरवर, तळाशी नव्हे. पडदा आत ओढला जाऊ नये म्हणून नाक चिमटीत धरून तोंड बंद ठेवून हलकेच फुंकायचं. कानात बारीकसा "टुक" आवाज होतो आणि दाब सुटतो. नाक धरून आवंढा गिळला तरी चालतं, काहींना तेच सोपं जातं. हे दर अर्ध्या मीटरला करायचं, दुखायच्या आधी. दुखल्यावर फुंकून उपयोग नाही, तोवर नळीचं तोंड दाबाने मिटलेलं असतं. दुखलं तर खूण करा, अर्धा मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा. तरी सुटला नाही तर डाइव्ह तिथेच संपवा. जोर लावून फुंकणाऱ्यांना पुढे आठवडाभर कानात घुमल्यासारखं होतं, क्वचित पडदा फाटतो.

श्वास कधीही रोखायचा नाही. हा एकच नियम असा आहे की तो मोडला तर उथळ पाण्यातही जिवावर बेतू शकतं. खाली भरून घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि छाती बंद असेल तर फुफ्फुसाला जायला जागा राहत नाही. त्याला दहा मीटर लागत नाहीत, मीटर-सव्वा मीटरचा फरकही पुरतो. म्हणून घाबरून वर झेप घेणं सगळ्यात वाईट. तोंडातून रेग्युलेटर निसटला तर बारीक बुडबुडे सोडत राहा, तो परत तोंडात बसवून एक जोराचा उच्छ्वास टाका आणि मगच श्वास घ्या.

तळाशी सहसा पाच ते आठ मीटर. व्हिडिओ पाहून रंगीबेरंगी बाग मनात घेऊन येणाऱ्यांना पहिल्या मिनिटाला थोडं चुकल्यासारखं वाटतं, कारण पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विरतो आणि पाच-सहा मीटरवर सगळं निळसर करडं दिसतं. डोळे रुळू द्या. समोरचा तपकिरी गोल दगड नीट बघा. तो दगड नाही, पोराइट्स प्रवाळ आहे. त्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढी हजारो छिद्रं दिसतील, प्रत्येकात एक जीव आहे. सगळे मिळून वर्षाला साधारण सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. तुमच्या कमरेएवढा गोळा दिसला तर तो कित्येक दशकांचा. त्याच्या फटीत काळ्या लांब काट्यांचा समुद्री साळू, वर काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे, कपारीत गोबऱ्याचं तोंड. हिरव्यानिळ्या पोपटमाशाची चोच प्रवाळावर घासल्याचा कटकट आवाज शांत राहिलात तर ऐकू येतो.

हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ मध्ये ते जाहीर झालं, एकूण क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर आणि त्यातला गाभा जेमतेम सव्वातीन, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच. एवढ्याशा जागेवर हंगामात रोज किती पाय पडतात याचा विचार केला की पोटात तुटतं. उभं राहायला आधार म्हणून लोक प्रवाळावर पाय देतात. फोटोसाठी हाताने धरतात. काही होड्या थेट प्रवाळावर नांगर टाकतात. पाव आणि बिस्किटं टाकून मासे चेहऱ्याभोवती गोळा करायची पद्धत पडली आहे, व्हिडिओ चांगला येतो म्हणून. त्याने खादाड जातींचे मासे त्या जागी माजतात आणि बाकीचे हटतात, आणि पावाचा लगदा प्रवाळावर बसतो तो वेगळाच. उतरण्यापूर्वी स्पष्ट सांगा: पाव नको, वाळूवर उतरवा, पाय वर धरायला मदत करा. गिऱ्हाइकाने सांगितलं की प्रशिक्षक ऐकतो. नांगराचंही विचारा, तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, वाळूचा पट्टा कुठे आहे हे पक्कं माहीत असतं.

वर येताना सावकाश, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने नाही. सहा मीटरवरून यायला निदान पाऊण मिनिट. वर बघत या. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे इंजिनाचा आवाज येतो पण होडी कोणत्या बाजूला आहे ते कानाने कळत नाही.

होडीत चढल्यावर मास्कमध्ये रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नका. नाकाच्या आतली बारीक रक्तवाहिनी दाबाने फुटलेली असते. पण त्या दिवशी दुसरी फेरी नको. कान भरल्यासारखा वाटला तर तो दिवसभरात मोकळा होतो. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल किंवा दुखत असेल तर कानात तेल किंवा थेंब न घालता डॉक्टरांना दाखवा. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, चक्कर, अवाजवी थकवा यांपैकी काही वाटलं तर ते उन्हाने झालं म्हणून झोपून जाऊ नये, आधी स्कूबावाल्याला आणि लगेच डॉक्टरांना सांगावं. पॅकेजमध्ये बनाना राइड आणि बंपर असतील तर त्या नंतर घ्या. आधी घेतल्यात तर नाकातोंडात खारं पाणी जाऊन नळ्या सुजतात आणि स्कूबा वाया जातो.

ज्यांना उतरता आलं नाही त्यांनी लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केल मागावं. पाणी निवळ असेल तर वरूनही प्रवाळ दिसतात. पूर्ण ओहोटीला मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांतली डबकी बघण्यासारखी असतात, मुलांना तर तिथून हलवावं लागतं. चप्पल जाड तळाची हवी, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पाणी चढायला लागलं की लगेच बाहेर यावं.

बारा-एकला भूक कडकडून लागते. सोलकढी आधी थोडी, मग तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, बांगड्याचं तिखलं. त्या दिवशी पाणी भरपूर प्या. दाबाखालची कोरडी हवा शरीर सुकवते, आणि सुकलेल्या शरीरातून नायट्रोजन सावकाश निघतो.

शेवटची सकाळ किनाऱ्यावर ठेवा. तारकर्ली-देवबागला उजाडताना रापण लागलेली असते. पातीने, म्हणजे लहान होडीने, समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळं सोडलेलं असतं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं, बायकासुद्धा, पाठमोरी मागे मागे सरकत दोर ओढतात आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. हात लावायचा असेल तर विचारून लावा. दोराच्या आतल्या बाजूला उभे राहू नका, शेवटच्या ओढीला तो एकदम ताणतो. जाळं वाळूवर आलं की पेडवे आणि तारल्या चमकतात, मध्ये एखादा चुकार शेवंड. लिलाव तिथेच होतो आणि दर बाजारापेक्षा उतरलेला असतो.

डाइव्ह कालची आणि आता उन्हं वर आलीत, म्हणजे मोटारीने घाट चढायला हरकत नाही. अठरा तास होऊन गेले आहेत. मोपा किंवा चिपी विमानतळावरून जाणाऱ्यांचंही तेच. रेल्वेने परतणारे डाइव्हच्याच संध्याकाळी निघाले असते तरी चाललं असतं, कारण कोकण रेल्वेचा मार्ग सह्याद्री चढत नाही, पायथ्यापायथ्यानेच जातो. कुडाळला गाडीच्या अर्धा तास आधी पोचा. मालवणहून निघताना तास-सव्वा तास हाताशी धरा, आणि मालवणी खाजं बाजारातूनच घ्या, स्टेशनवर मिळेल या भरवशावर राहू नका.